आयझॅकला कंठ फुटला आणि ‘डेड स्पेस’ची भीती गेली

पावसचा_पाऊस (धागालेखक)

पुढे कथा फुटणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. २००८ सालच्या गेमबद्दल नंतर कुरकुर ऐकून घेणार नाही.

निमित्त भाच्याचं. मे महिन्यात मुंबईहून आला आणि भर दुपारी पडवीत बसून ‘डेड स्पेस’चा २०२३ चा रिमेक खेळायला लागला. मध्येच थांबायचा, बाठा चोखायचा, हात पंचाला पुसायचा, की पुन्हा कंट्रोलर. मी विचारलं, भीती वाटते का रे? तर म्हणे, “मामा, ग्राफिक्स कडक आहेत.” एवढंच. मला वाईट वाटलं हो.

हाच गेम मी २००९ मध्ये रत्नागिरीत माळनाक्याला मित्राच्या खोलीवर खेळलो, तेव्हा रात्री जिना उतरून मोरीपर्यंत जायची हिंमत होत नव्हती. लोडशेडिंगचे दिवस. गेममध्ये भिंतीवरच्या सेव्ह स्टेशनपाशी पोचल्याशिवाय सेव्ह करता येत नाही आणि आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. म्हणजे धास्ती दुहेरी, नेक्रोमॉर्फ (मेलेल्या माणसांतून उठलेला राक्षस) येईल ही एक आणि लाइट जाईल ही दुसरी. त्यात पीसीवर माउस चिखलातून ओढल्यासारखा चालायचा. व्ही-सिंक नावाची चित्राची सेटिंग बंद केली की सुधारतो, हे कळेपर्यंत अर्धं जहाज पालथं घालून झालं होतं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: सव्विसावं शतक. इशिमुरा नावाचं अजस्र खाणजहाज ग्रह फोडून धातू काढतं. त्याचा संपर्क तुटतो. दुरुस्तीला लहानशी टीम जाते, तिच्यात आयझॅक क्लार्क नावाचा इंजिनीयर (आयझॅक असिमोव आणि आर्थर सी. क्लार्क, दोघांची नावं जोडून). जहाजावरची माणसं मेली आहेत आणि उठली आहेत. डोक्यात गोळी घालून ती पडत नाहीत, हातपाय तोडावे लागतात, आणि तोडायला हातात आहे ते खाणीतलं कटर.

आता मुद्दा. पहिला भाग म्हणजे कामांची यादी आहे. ट्राम बंद आहे, चालू कर. इंजिन बंद आहे, चालू कर. उल्का आदळतायत, तोफ सुरू कर. हवेत विष आहे, बघ जरा. कानात दोन माणसं हुकूम सोडत असतात आणि हा गडी एक शब्द न बोलता पुढच्या दाराकडे निघतो. चक्रीवादळानंतर खांबावर चढलेल्या वायरमनला खालून दहा जण शिकवत असतात, तसं. तो उलट बोलत नाही म्हणून त्याच्या जागी आपण जाऊन बसतो. भीती आयझॅकला वाटतच नाही, आपल्याला वाटते.

२०११ च्या दुसऱ्या भागात त्याला कंठ फुटला. चेहरा दिसायला लागला, शिव्या द्यायला लागला, हीरो झाला. भीती तिथेच गेली. लोक २०१३ च्या तिसऱ्या भागाला उगाच बोल लावतात, तो नुसतं तेराव्याचं जेवण. प्राण दुसऱ्यातच गेला होता.

बोला.

गणपतीपुळे_एक्स्प्रेस

कोकम सरबत घेऊन बसलो आहे. चालू द्या.

वाशिष्ठीकाठ

साफ असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

पहिल्या भागात बारा प्रकरणं आहेत. त्यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं ओळीने लावली की ‘निकोल इज डेड’ असं वाक्य होतं. म्हणजे ज्या निकोलला, आपल्या प्रेयसीला, शोधायला आयझॅक जहाजावर आला ती जिवंत नाही, हे गेम पहिल्या पाटीपासून सांगत होता आणि आपण ट्राम दुरुस्त करत बसलो होतो. हुशारी आहे, मान्य. पण हे कळल्यावर त्या माणसाचं पुढे काय झालं असेल? तुमच्या वायरमनने घरी जाऊन काय केलं?

दुसरा भाग त्या प्रश्नाचा आहे. तीन वर्षांनंतरची गोष्ट, शनीच्या टायटन या चंद्रावरचं स्प्रॉल नावाचं शहर. आयझॅक वेड्यांच्या इस्पितळात, हात बांधलेले. सोडवायला आलेला माणूस त्याच्या तोंडासमोर नेक्रोमॉर्फ होतो आणि बांधलेल्या हातांनीच पळायचं. लढायला काही नाही. पहिल्या भागात पहिल्या दहा मिनिटांत एवढी लाचारी होती का?

आणि तो बोलतो म्हणता, पण कोणाशी बोलतो? गेलेल्या बाईशी. ती समोर येते, दोष देते, हा उत्तर देतो. ज्याने आपलं माणूस गमावलं आहे त्याला गप्प बसवून दाखवायचं, हा कुठला न्याय?

डोळ्याच्या सुईचा प्रसंग आठवतो ना? यंत्राखाली आडवं पडायचं आणि स्वतःच्या हाताने सुई स्वतःच्या बुबुळाच्या नेमकी वर आणायची. तुम्ही घाबरलात की हात हलतो, हात हलला की सुई चुकते. “भीती गेली” म्हणे.

आणखी एक. दुसऱ्या भागाच्या दहाव्या प्रकरणाबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिलेला नाही. का ते नंतर विचारते.

पायपेटी

दोघेही तोंडावरून भांडताय. डेड स्पेसची भीती कानात आहे.

मी कुडाळचा. आमच्याकडे जत्रेत दशावतार रात्री उशिरा उभा राहतो. रंगमंचावर काय असतं? एक बाकडं आणि मागे पडदा. संवाद लिहिलेले नसतात. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज घेऊन तिघं बसलेले, आणि त्यांची नजर पात्रावर. राक्षस अजून पडद्यामागे आहे, पण पखवाजावर थाप बदलली की पुढे बसलेलं पोर आजीच्या पदरात शिरतं. राक्षस दिसतो तेव्हा भीती निम्मी होते. आमचा पखवाजवाला ओळीने एकच ठेका कधी धरत नाही, समोरचा किती पुढे आला ते बघून वाजवतो.

डेड स्पेसचं संगीत तसंच बांधलेलं आहे. जेसन ग्रेव्हजने वादकांकडून चाली कमी आणि ओरखडे, किंचाळ्या, खरवड जास्त वाजवून घेतली. ते सगळं थरांत ठेवलं. गेममधल्या प्राण्यांना आणि जागांना भीती पसरवणारे अदृश्य बिंदू लावले. तुम्ही त्यांच्या जितके जवळ जाल तितका वरचा थर चढतो, मागे सरलात तर उतरतो. आधीच ठरवलेली धून वाजत नाही, तुमची चाल बघून वाजतं. २००९ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने संगीत आणि ध्वनी, दोन्हींची पारितोषिकं याच गेमला दिली. जिथे हवा नाही तिथे सगळे आवाज गळून जातात, उरतो आयझॅकचा श्वास आणि बुटांची धपधप. तिथे मी हेडफोन काढून ठेवले होते, खरं सांगतो.

तेव्हा धागालेखक, तुमच्या भाच्याने पडवीत, आत मिक्सर चालू, बाहेर कावळे, लॅपटॉपच्या स्पीकरवर खेळला तर तो ग्राफिक्सच बघणार. दुपारी दोनला दशावतार लावलात तर संकासुरालाही लोक हसतील.

पावसचा_पाऊस

मिक्सर चालू होता. तुम्हाला कसं कळलं?

बेरीज_वजाबाकी

अलिबागहून नमस्कार. कंपनीला अजून कोणी शिव्या दिल्या नाहीत याचं आश्चर्य वाटतंय, सुरू व्हायच्या आत मी तिची बाजू मांडतो.

हा गेम करणारा स्टुडिओ ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) कंपनीचा, नाव ईए रेडवुड शोअर्स. २००८ पर्यंत त्यांची ओळख काय, तर जेम्स बाँडचे आणि ‘गॉडफादर’चे गेम, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर केलेला माल. या मंडळींच्या डोक्यात आधी ‘सिस्टम शॉक’चा तिसरा भाग घोळत होता. २००५ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ आला, खांद्यावरून दिसणारा कॅमेरा आणि जवळून अंगावर येणारे शत्रू बघून त्यांनी बेत बदलला. ग्लेन स्कोफिल्ड आणि मायकल काँड्री पुढे होते. आणि ईएसारख्या दरवर्षी फुटबॉल विकणाऱ्या कंपनीने अनोळखी नावाच्या भयपट-छाप गेमवर पैसे लावले. हे कोणी लिहीत नाही.

पुढचं गणित सरळ आहे. २००९ मध्ये स्टुडिओचं नाव व्हिसरल झालं. गेम महाग होत गेले. २०१२ मध्ये ईएचे फ्रँक गिबो म्हणाले होते की अशा मालिकेत पैसे घालत राहायचं तर सुमारे ५० लाख लोकांपर्यंत पोचायला हवं. आता सांगा, रात्री मोरीत जायला घाबरणारे ५० लाख कुठून आणायचे? तुमच्यासारखे लोक घाबरून गेम अर्धा सोडतात आणि “वा, काय भीती!” म्हणतात. त्यांच्या भरवशावर दुकान चालत नाही. म्हणून तिसऱ्यात दोघांनी मिळून खेळायची सोय, स्वतः बंदुका जोडायची सोय. चुकलं, कबूल. पण हाव म्हणण्यापेक्षा मी त्याला नाइलाज म्हणेन.

वाशिष्ठीकाठ

नाइलाज? सुट्या भागांसाठी खऱ्या पैशांचं दुकान तिसऱ्यात उघडलं, तोही नाइलाज? सगळ्या हत्यारांना एकच गोळी चालते, हा पण? पहिल्या दोन भागांत कटरच्या तीन गोळ्या उरल्यात आणि रिपरच्या पात्या दोन, आता कुठलं काढू, ही निवड म्हणजे अर्धी भीती. ती काढून टाकली.

आणि दुसऱ्याच्या वेळची जाहिरात आठवा. आयांना बोलावून गेममधली किळसवाणी दृश्यं दाखवली, त्यांचे चेहरे टिपले आणि खाली ओळ, तुझ्या आईला हे मुळीच आवडणार नाही. १७ वर्षांखालच्यांसाठी नसलेला गेम, आणि आईच्या नावाने कोणाला चिथावताय? माझ्या आईने मला सुईचा प्रसंग खेळताना पाहिलं, काही बोलली नाही. संध्याकाळी मीठमोहऱ्या घेऊन आली आणि दृष्ट काढली. माझी की कॉम्प्युटरची ते विचारलं नाही.

मालवणी_झील

सगळे तिसऱ्याक शिव्या घालतत म्हणान मी बोलतंय.

मी आनी माझो मावसभाव, तो पुण्यात आनी मी मालवणात, दोघांनी मिळान तिसरो भाग खेळलंव. एकाच टीव्हीर दोघांक खेळूक येयत नाय, नेटच लागता. आनी तेवा आमच्या नेटाची तऱ्हा अशी की पावसाचो थेंब पडलो की आधी ता जाता. शिरा पडो त्या नेटाच्या तोंडार. पन ऐका.

तो कार्व्हर (आयझॅकचो साथीदार) झालो, मी आयझॅक. एका ठिकानी तो थांबलो. माका म्हनता, “रे, ह्ये खेळण्यातले सैनिक बघलंस?” मी म्हटलंय, “खयचे सैनिक? हय काय्येक नाय.” तेका वाटला मी मस्करी करतंय. माका वाटला तो करता. धा मिन्टा आमी ह्याच्यारच भांडलंव. मगे कळला, गेमानच तसा केलेला आसा. कार्व्हरच्या पडद्यार दिसता ता आयझॅकच्या पडद्यार नसता.

आमच्याकडे ह्याका चकवो म्हनतत. दोघे एका वाटेन चालतत आनी एकाक वाट दिसता, दुसऱ्याक नाय. माझ्या आजोबांनी सांगितलेलो चकवो माका कदी पटलो नाय. पुण्यातसून आवाज येता आनी तो म्हनता सैनिक आसत, तेवा पटलो. अंगार काटो इलो.

तुमी सगळे येकटे खेळलास आनी तिसरो वायट म्हनतास. तो येकट्यान खेळूचो नायच.

पायपेटी

झीला, ही गोष्ट माहीतच नव्हती. एकट्याने खेळलं तर कार्व्हर फक्त मधल्या दृश्यांत येऊन जातो, हे सगळं गायब. म्हणजे तिसऱ्यातली सर्वांत चांगली भीती निम्म्या लोकांना दिसलीच नाही.

पावसचा_पाऊस

झील, किस्सा मस्त. पण त्याच तिसऱ्यात माणसं आडोशाला बसून बंदुका झाडतात आणि आयझॅक कोलांट्या मारतो. कोलांट्या मारणारा वायरमन मी पाहिलेला नाही.

आता बेरीज_वजाबाकी यांच्याच पोस्टमधून माझा मुद्दा काढतो. स्कोफिल्ड आणि काँड्री पहिल्या भागानंतर २००९ मध्येच बाहेर पडले आणि त्यांनी स्लेजहॅमर ही गेम कंपनी काढली. दुसरा भाग स्टीव्ह पापुट्सिस आणि राइट बॅगवेल यांच्या हाताखाली झाला. म्हणजे ज्यांनी आयझॅकला गप्प ठेवलं ते गेले, आणि तो बोलायला लागला. मूर्तिकार बदलला की गणपतीचे डोळे बदलतात.

गणपतीपुळे_एक्स्प्रेस

मग त्याच मूर्तिकाराने २०२२ च्या डिसेंबरात ‘कॅलिस्टो प्रोटोकॉल’ बसवला त्याचं काय? तोच स्कोफिल्ड, तसंच अंधारं अवकाश, मानेवर तब्येतीचे दिवे. आणि खेळायला काय, तर डावीकडे झुक, उजवीकडे झुक, दांडका घाल. लगोरी बरी. दोन महिन्यांच्या आत त्याला न विचारता मॉन्ट्रियलच्या मोटिव्ह स्टुडिओने जुन्या डेड स्पेसचा रिमेक काढला आणि तो जास्त चांगला झाला. मूर्तिकाराचा मुद्दा विसर्जित.

थर्ड_इंजिनीयर_दाभोळ

धागा तीन दिवस वाचतोय, नेट असेल तेव्हा. सध्या बोटीवर आहे, बंदर यायला अजून सहा दिवस.

इथे सगळे जण आयझॅकच्या कामाबद्दल लिहितायत आणि ते काम करणारा कोणी दिसत नाही, म्हणून लिहितो. मी मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनीयर आहे. आमच्याकडे रात्री इंजिनरूममध्ये माणूस नसतो. ड्यूटीवरच्या इंजिनीयरच्या केबिनमध्ये अलार्म असतो. तो वाजला की उठायचं, बॉयलर सूट चढवायचा, कानावर मफ लावायचे आणि एकट्याने खाली उतरायचं. दारातच एक स्विच आहे, त्याला डेडमॅन अलार्म म्हणतात. तो चालू करून आत जायचं आणि ठरावीक वेळाने, अर्ध्या तासाच्या आतच, पुन्हा बटण दाबायचं. नाही दाबलं तर वर ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) घंटा होते, की खाली गेलेला माणूस पडला असेल, बघा. मी डेड स्पेस पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझा हात सारखा त्या बटणाला शोधत होता.

आता दोन गोष्टी.

पहिली, शांततेची. गेल्या वर्षी रात्री तीनला ब्लॅकआउट झाला. जनरेटर ट्रिप. मी खाली होतो. बोटीवर महिनोन्महिने जो आवाज तुमच्या हाडांत बसलेला असतो तो एकदम जातो. नियमाप्रमाणे इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांत वीज देतो, आणि दिलीच. पण तेवढ्या वेळात पाइपातून पाणी परत उतरताना ऐकू येतं, कुठेतरी गरम लोखंड टिकटिकतं, आणि आपल्याला हे आवाज ओळखीचे असूनही मान वळते. पायपेटी, तुमच्या सगळ्या मुद्द्याला माझी सही.

दुसरी, बोलण्याची, आणि इथे पावसच्या दादांशी माझं जमत नाही. एकटा माणूस गप्प नसतो हो. खाली उतरलो की मी अखंड बोलत असतो. प्युरिफायरला शिव्या देतो. “काय झालं तुला, परवा तर गॅस्केट बदललं” असं पंपाला विचारतो. सेकंड इंजिनीयर तर गाणी म्हणतो. गप्प आयझॅक मला खोटा वाटला होता. रिमेकमध्ये तो बोलतो ते बघा. दुसऱ्या-तिसऱ्या भागाचाच नट, गनर राइट. पण हीरोगिरी नाही, समोरचं यंत्र का बंद पडलं असेल आणि काय करावं लागेल, हे बोलतो. माझ्यासारखं.

आणि रिमेकमध्ये सर्किट ब्रेकर आहेत. वीज कमी आहे, एक काहीतरी बंद करा. दिवे की ऑक्सिजन? मी खुर्चीवरून उठलो होतो. बोटीवर जनरेटरवर भार वाढला की आधी एसी आणि गॅली (स्वयंपाकघर) आपोआप सुटतात, स्टीअरिंगला धक्का लागत नाही. कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं की काय गेलं तरी चालेल. गेममध्ये ते तुम्ही ठरवायचं, आणि दिवे घालवलेत तर अंधारात चालायचं तुम्हीच.

पावसचा_पाऊस

इंजिनीयरसाहेब, दिवे की ऑक्सिजन हे वाचून २०२१ चं तौक्ते आठवलं. आमच्याकडे शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, त्यावर आमची एक वायर, आणि रोज संध्याकाळी बैठक: फ्रिज की पंखा की आजीचं मशीन. आजीचं मशीन दर वेळी जिंकायचं, पण बैठक व्हायचीच.

बरं, एक पाऊल मागे घेतो. बोलण्याला माझी हरकत नाही, तो काय बोलतो याला आहे. कामाबद्दल बोलला तर चालेल. दुसऱ्या भागात तो कामाबद्दल बोलत नाही, स्वतःबद्दल बोलतो.

बेरीज_वजाबाकी

वा. धाग्याचं शीर्षक ‘आयझॅकला कंठ फुटला’, आणि तीन दिवसांनी ‘कंठ चालेल, विषय बदला’. आमच्या ग्रामसभेतला ठराव पण इतका वाकत नाही.

वाशिष्ठीकाठ

आता विचारते. पावसचे दादा, दुसऱ्या भागाचं दहावं प्रकरण तुम्ही खेळला आहात का? खरं सांगा.

पावसचा_पाऊस

…

सहाव्या प्रकरणात सोडला. पुढचं यूट्यूबवर बघितलं. तेही थोडं पळवत.

गणपतीपुळे_एक्स्प्रेस

🥭 सरबत सांडलं.

मालवणी_झील

रे देवा म्हाराजा! न्हय खेळतासच धागो काढलंस?

वाशिष्ठीकाठ

हसू नका त्यांना. निदान कबूल तरी केलं.

दादा, दहाव्या प्रकरणात आयझॅक इशिमुरावर परत जातो. तेच जहाज. ते स्प्रॉलला आणून साफसफाईला लावलेलं आहे. सगळीकडे प्लास्टिकची आवरणं टांगलेली, भिंती पुसलेल्या, यंत्रं झाकलेली. ओळखीचे कॉरिडॉर. आणि काहीही येत नाही. तुम्ही हत्यार रोखून चालता, कोपरा येतो, काही नाही. पुढचा कोपरा, काही नाही. आवरण हललं की आपण गोळी घालतो, प्लास्टिकवर. बराच वेळ गेम तुमच्या आठवणीवरच चालतो, त्याला काही पाठवायची गरजच नसते. मग सफाईवाल्यांचे जांभळे दिवे लागतात आणि पुसलेलं सगळं भिंतीवर पुन्हा उमटतं. रक्ताचे फराटे, कोणीतरी खरडलेली अक्षरं.

मी चिपळूणची आहे. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पाणी शिरलं. मी वर माळ्यावर होते, त्याबद्दल लिहीत नाही. नंतरचं लिहिते. चिखल उपसला, फिनेल झालं, गणपतीच्या आधी भिंतीला पांढरा रंग दिला. दोन हात दिले. आणि पुढच्या पावसाळ्यात, दमट हवा सुरू झाली तशी, रंगाखालून रेघ वर आली. सरळ, पट्टी धरून मारल्यासारखी, फ्रिजच्या वरपर्यंत. स्वयंपाकघरात, हॉलमध्ये, देवघरात, सगळीकडे एकाच उंचीवर. पुन्हा रंग दिला. दर जुलैत बघते, आलीय का. कोणी पाहुणे बसले असतील तर मी त्या भिंतीला पाठ करून बसते.

दहावं प्रकरण मी २०११ मध्ये खेळले होते तेव्हा “छान आहे” म्हणाले होते. पुरानंतर एकदा खेळले आणि त्या जांभळ्या दिव्यांपाशी कंट्रोलर खाली ठेवला. पहिला भाग काम करणाऱ्या माणसाचा आहे हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण काम करून घरी आल्यावर भिंत तशीच असते. ते फक्त दुसऱ्या भागाला कळलंय.

पायपेटी

ताई, ती रेघ मागच्या ओलीमुळे येते, आधी प्लास्टरच खरवडून काढावं लागतं असं आमचे गवंडी सांगतात. बाकी तुमच्या पोस्टवर काही बोलत नाही.

वाशिष्ठीकाठ

काढलं एका खोलीचं. बाकीच्या पैसे आले की.

बेरीज_वजाबाकी

अवांतर, पण नोंद असावी: व्हिसरल २०१७ च्या ऑक्टोबरात बंद झाला. तेव्हा तिथे ‘स्टार वॉर्स’च्या गेमवर काम चाललं होतं, म्हणजे शेवटी पुन्हा दुसऱ्याच्याच नावाचा माल. कंपनीची बाजू घेतो म्हणालो होतो, पण ही एक गोष्ट मला आवडलेली नाही.

पावसचा_पाऊस (आठ दिवसांनी)

हजेरी लावतो. सेलमध्ये दुसरा भाग घेतला. पहिल्या प्रकरणापासून खेळलो, रात्री, माजघरात, हेडफोन लावून. सुईचा प्रसंग अजून पुढे आहे.

मधली काही प्रकरणं अजूनही मला धावपळीची वाटतात, तिथे वाद घालायला तयार आहे. ट्रेनमधून उलटं लटकण्याचा प्रसंग सर्कस आहे.

काल रात्री इशिमुरावर पोचलो. बाहेर पाऊस, पडवीला मे अखेरीस बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती, आणि आत ती प्लास्टिकची आवरणं. कुठला आवाज कुठला ते कळेना म्हणून एकदा हेडफोन काढून बघितलं. वीस मिनिटं झाली, काहीच आलेलं नाही. एका दारापाशी उभा आहे, ते दार मला २००९ पासून माहीत आहे. गोळ्या सात.

मी मोठ्याने म्हणालो असणार, “थांब जरा, घाई नको.” आतून बायकोने विचारलं, इतक्या रात्री कोणाशी बोलताय?

थर्ड_इंजिनीयर_दाभोळ

पंपाशी, म्हणून सांगा.